सेकंड शिफ्टवाला

मिलिंददा चित्रांची माफी मागायचा. स्टुडिओतल्या माझ्या पहिल्या दिवशी मला त्याच्या मागच्या खुर्चीवर बसवलं होतं. त्याच्या कानाला हेडफोन होते, नाक स्क्रीनला टेकेल इतकं पुढे होतं आणि थोड्या थोड्या वेळाने हळू आवाज यायचा, "सॉरी हां, बाळा." मला वाटलं, घरी मुलगी आजारी असेल, फोनवर समजूत काढत असेल. जेवणाच्या सुट्टीत मी आवाजात जमेल तेवढी काळजी आणून विचारलं, "आता कशी आहे तिची तब्येत?" त्याला काही कळेना. मग त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. एक जाडा उंदीर जिन्यावरून गडगडत खाली येत होता. "याला पाडतोय सकाळपासून," तो म्हणाला. "चॅनेलला अजून दोन पायऱ्या पाहिजेत."

आमचा स्टुडिओ ठाण्याला, वागळे इस्टेटमध्ये आहे. मुलांच्या मालिकांचं ॲनिमेशन करतो आम्ही. पूर्वीच्या एका कारखान्याची शेड, मध्ये प्लायवुडचे आडोसे, आणि उन्हाळ्यात एसी पत्र्यापुढे हात टेकतो. मी तिथे लेखिका म्हणून लागले. मिलिंददा ॲनिमेटरांमध्ये सगळ्यात जुना. चाळिशी ओलांडलेला, पोट सुटलेलं, शर्टाच्या खिशाला पेन. त्या पेनाने त्याने कधी काही लिहिलेलं मी पाहिलं नाही. तो विठ्ठलवाडीचा, मी कोपरची. बुद्धपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी तो मोठ्या डब्यातून सगळ्या स्टुडिओसाठी खीर आणायचा आणि वाटप स्वतः करायचा. कुणी "डाएट आहे" म्हटलं की म्हणायचा, "मग अर्धी वाटी. डाएटपण अर्धं कर."

नवीन मुलांना शिकवायची त्याची पद्धत साधी होती. "उडी कोणी पण काढेल रे. उडीच्या आधीचा घाबरलेला पाय काढ." त्याचा एक नियमही होता. दिवस संपताना कुठलंही पात्र पडलेलं ठेवून घरी जायचं नाही. त्या दिवशीचं काम त्याच्या पडण्यापाशी थांबलं असेल, तर शेवटी एक जादाचं चित्र काढून त्याला उभं करायचं, मगच फाइल बंद करायची. सकाळी ते चित्र काढून टाका, हरकत नाही. "रात्रभर तिथं आडवा ठेवणार काय त्याला?" असं तो विचारायचा. पोरं पाठीमागे हसायची, पण नियम पाळायची. मीसुद्धा हसले होते.

त्याच सुमारास एका जुन्या व्हिडिओ गेमची मालिका करायची टूम निघाली. आमच्या सरांनी एका सोमवारी सगळ्यांना एकत्र बोलावून सांगितलं की चॅनेलने त्याचे हक्क परदेशातून घेतले आहेत. काळी कॅसेट फुंकर मारून डब्यात घालायची आणि डबा टीव्हीला जोडायचा, त्या काळातला हा गेम. पाठीला गाठोडं बांधलेला एक चिमुकला माणूस. मागे काळं आकाश, कोपऱ्यात चंद्र. तो पुलांवरून, खड्ड्यांवरून उड्या मारत उजवीकडे धावत राहतो. बस, एवढंच. पुढे त्या गेमच्या बऱ्याच आवृत्त्या निघाल्या, त्याला चेहरा आला, रंग आले, पण मूळ गोष्ट तीच, माणूस धावतोय.

आता याचं आजच्या मुलांसाठी कार्टून होईल का, यावर आमच्याकडे जोरात वाद झाला. एक मुलगा म्हणाला, "याला स्टोरीच नाहीये. हा बोलत पण नाही." दुसरी म्हणाली की ज्यांनी तो खेळलाय ते आता आई-बाप झालेत, ते मुलांना घेऊन बसतील. मी लेखिका, त्यामुळे शहाणपणा दाखवणं भाग होतं. मी म्हटलं, खेळात आपल्या हातात रिमोट असतो म्हणून जीव गुंततो. हात रिकामे झाले की उरतो फक्त धावणारा माणूस. तो अर्धा तास कोण बघेल?

"बघता येतो," मागून मिलिंददा म्हणाला. मीटिंगमध्ये तो सहसा बोलत नसे. "माझ्या वडिलांनी बघितलाय."

सगळे हसले. संध्याकाळी गेटाबाहेरच्या टपरीवर त्याने मला त्याचा अर्थ सांगितला. मला एकटीलाच का सांगितला, ते मला आजही नीट माहीत नाही. कदाचित मी लिहिणार होते म्हणून.

त्याचे वडील याच इस्टेटमध्ये, आमच्या मागच्या गल्लीतल्या कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर होते. मिलिंददा शाळेत असताना त्यांच्या पाठीवर लोखंडी पत्र्यांची थप्पी कोसळली आणि ते अंथरुणाला खिळले. घर एका खोलीचं. पलंगाच्या पायथ्याशी टीव्ही. मामाने कुठूनतरी व्हिडिओ गेम आणून दिला होता. गेम खेळून टीव्हीची पिक्चर ट्यूब जाते, असं तेव्हा घरोघरच्या आयांचं ठाम मत होतं, त्याच्या आईचंही होतं. म्हणून आई कामाला गेली की तो खेळायचा, वडिलांची झोपमोड नको म्हणून आवाज पूर्ण बंद करून.

"एक दिवस पाठून आवाज आला, हा चाललाय कुठे रे? मला वाटलेलं बाबा झोपलेत. मी बोललो, पुढे. तर बोलले, पुढे म्हणजे कुठे? घरी चाललाय तो. काळोख बघ केवढा झालाय. सेकंड शिफ्ट सुटलीय त्याची. पाठीला डबा बांधलाय."

त्या दिवसापासून घरात त्या गेमचं नाव सेकंड शिफ्टवाला पडलं. वडील रोज बघायला लागले. बघता बघता शंका विचारायचे. हा जेवतो कधी? याच्या घरी कोण कोण असतं? पूल तुटलाय तर यांचे साहेब लोक काय करतात? तो खड्ड्यात पडला की म्हणायचे, "पाडलास ना? सॉरी बोल त्याला. दिवसभर काम करून आलाय माणूस." मध्येच म्हणायचे, "थांबव जरा, दमला असेल." मग मिलिंददा बटण दाबून गेम थांबवायचा आणि दोघं त्या उभ्या माणसाकडे बघत बसायचे. आई यायची वेळ झाली की टीव्ही बंद करण्याआधी त्याला एखाद्या सपाट जागी नीट उभं करायचं, हा वडिलांचाच हुकूम. मी हसले होते त्या नियमाचं मूळ असं अचानक हातात आलं.

"शेवटची स्टेज मला जमायचीच नाही," तो म्हणाला. "तिथं पूल पायाखालून गळत जातो. बाबा रोज विचारायचे, पोचला का? मी बोलायचो, उद्या. मग त्यांना ॲडमिट केलं कल्याणला. तिथं पण मी गेलो की तेच, पोचला का रे? म्हणून मी बोललो, हो, पोचला काल. तर बोलले, दार कोणी उघडलं? मी बोललो, आईने. काय म्हणाली? मी बोललो, हात-पाय धू, जेवायला बस."

वडिलांनी मान हलवली आणि डोळे मिटले. त्यानंतर त्यांचं आणि याचं बोलणं झालं नाही.

खूप वर्षांनी, नोकरी लागल्यावर, मिलिंददाने तो गेम कॉम्प्युटरवर मिळवला आणि एकदाचा शेवटपर्यंत खेळला. शेवटी परक्या लिपीतली एक ओळ आली आणि तो माणूस परत पहिल्या पुलावर उभा, आता आधीपेक्षा जोरात धावणारा. घर नव्हतंच. बनवणाऱ्यांनी घर काढलंच नव्हतं. "बाबांशी शेवटचं जे बोललो ते खोटं बोललो," मिलिंददा म्हणाला. "दुसरं कोणी विचारलं असतं तर काय वाटलं नसतं. मुग्धा, आपण एवढं खरं करूया. तू लिही, मी काढतो. शेवटच्या भागात त्याला घरी पोचव."

मी पोचवते म्हटलं. मनापासून म्हटलं होतं, हे सांगून आता काही उपयोग नाही.

मालिकेचं दुसरं काहीही ठरायच्या आधी त्याने दार काढलं. निळं, एका बाजूला रंगाचे पोपडे निघालेलं, चौकटीला डब्याची पिशवी अडकवायचा खिळा, खाली झिजलेलं पायपुसणं. दाराआडून येणारा उजेड किती असावा यासाठी त्याने सरांचं डोकं खाल्लं. मी लिहिलेल्या आराखड्यात पहिल्या भागापासून हे दार लांब कुठेतरी दिसत होतं आणि शेवटच्या भागात उघडत होतं. आम्ही दोघं त्यावर खूश होतो.

चॅनेलने हळूहळू हात घातला. माणूस बोलला पाहिजे, म्हणून त्याला एक चुरचुरीत आवाज मिळाला. सोबत बडबडा पोपट आला. मिलिंददा एवढंच म्हणाला, "दमलेला माणूस इतकं बोलत नाही," आणि पोपटाची चित्रं काढायला बसला. तो माणूस मध्येच थांबतो, नुसता उभा राहतो, हे प्रसंग त्यांनी उडवले, मुलं कंटाळतात म्हणून. तेही त्याने सोसलं. त्याचं लक्ष दाराकडे होतं.

शेवटच्या भागाच्या मीटिंगला चॅनेलची एक तरुण मुलगी आली होती. हुशार होती, वागायलाही चांगली. ती म्हणाली, "हा घरी पोचला तर सिरियल संपली. इतकी चालतेय, संपवायची कशाला?" सर माझ्याकडे बघायला लागले. मिलिंददा माझ्या शेजारी बसला होता. मला वेळ मागून घेता आला असता. पण माझं डोकं अशा वेळी नको तितकं चालतं. मी म्हटलं, "वारा. तो दारापाशी येतो, कडीला हात लावतो आणि वारा सुटतो. पाठीवरचं गाठोडं उडून जातं. ते आणायला त्याला परत फिरावं लागतं." खोलीत एकदम सगळ्यांना हायसं वाटलं. सरांनी टेबलावर थाप मारली. कुणीतरी म्हणालं, मुग्धा असली की टेन्शन नाही.

बाहेर आल्यावर मी मिलिंददाच्या नजरेला नजर देईना. तोच म्हणाला, "वाऱ्याची आयडिया चांगली आहे. कडी हलेल वाऱ्याने. दिसायला छान दिसेल." तो टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. तो प्रसंग त्याने दुसऱ्या कुणाला दिला नाही, स्वतः केला. त्या आठवड्यात मागच्या खुर्चीवर बसून मी दिवसभर ऐकत होते, "सॉरी हां, बाळा. सॉरी." खरं तर ते म्हणायची पाळी माझी होती, आणि माझ्या तोंडून काही ते निघत नव्हतं.

मालिका अफाट चालली. कोपरला आमच्या सोसायटीतल्या पोरांच्या दप्तरांवर तो माणूस आला, पोपट आला. सोसायटीच्या सत्यनारायणाला माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. सेक्रेटरीकाका भाषणात म्हणाले की आपल्या मुग्धाने जुन्या गेमला नवं आयुष्य दिलं. मी हात जोडून उभी राहिले. खाली पुढच्या रांगेत बसलेल्या एका चिमुरड्या मुलाने मोठ्याने विचारलं, "तो घरी कधी जाणार?" सगळे कौतुकाने हसले. शाल अजून कपाटात आहे, मी ती एकदाही अंगावर घेतलेली नाही.

दुसऱ्या सीझनला मी मिलिंददाला म्हटलं, या वेळी पोचवते. तेव्हा त्याच्या डोळ्यांचं सुरू झालं होतं. साखर खूप वर्षांची, लक्ष कमी, आणि काम असं की डोळे दिवसभर जळत ठेवायचे. डोळ्यात इंजेक्शनं झाली, लेसर झालं. "हल्ली सगळं जुन्या गेमसारखं दिसतं," तो म्हणायचा, "चौकोन चौकोन." ज्युनियर मुलांची कामं तो तोंड स्क्रीनला लावून बघायचा आणि पाय चुकला असेल तर अजूनही बरोबर सांगायचा. मी सरांशी एकदा भांडलेही. एकदाच. सर म्हणाले, चाळीस माणसांची घरं यावर चालतायत. ते खोटं नव्हतं. मग दुसऱ्या सीझनच्या शेवटी दारासमोरची नदी वाढली. ती कल्पनाही माझीच.

मिलिंददाने त्यानंतर काम सोडलं. निरोपाच्या केकवर तोच माणूस काढला होता. सुरी त्याच्या हातात दिली तर तो केकवर बोटं फिरवत म्हणाला, "चेहऱ्यावरून कापत नाही ना मी?" निघताना त्याने मुलांना विचारलं, "सगळ्यांचे उभे आहेत ना?" मुलं एका सुरात हो म्हणाली. एकाने घाईघाईने वळून आपली फाइल परत उघडली.

मी त्याला फोन करायचे, पण कमी कमी होत गेले. फोनवर इकडचं तिकडचं झालं की तो विचारायचा, "पोचला का?" मी म्हणायचे, "अजून नाही." तो म्हणायचा, "येईल." मालिका तो ऐकायचा नाही. तो आवाज त्याला सहन होत नव्हता. वडिलांबरोबर त्याने त्या माणसाला कायम मुकाच पाहिला होता. त्यामुळे त्या माणसाची खबर त्याला माझ्याकडूनच मिळायची. तिसऱ्या सीझनला दार उघडायच्या बेतात होतं, तेवढ्यात एक फुगा आला आणि त्याला उचलून घेऊन गेला. हे लिहून झालं तेव्हा मी फोन करणंच बंद केलं.

काम सोडल्यावरही तो स्टुडिओत खीर पाठवायचा. यंदा बुद्धपौर्णिमेला ती आली नाही. तिसऱ्या दिवशी मीच विठ्ठलवाडीला गेले. सुनंदावहिनींनी दार उघडलं. त्या शाळेच्या ऑफिसात काम करतात, सुट्टी होती म्हणून घरी होत्या. मिलिंददा खिडकीशी खुर्चीत बसला होता. बारीक झाला होता. खिशाला पेन होतं. माझा आवाज ऐकून त्याचा चेहरा असा उजळला की मला परत फिरावंसं वाटलं.

"अगं ये ये. सुनंदा, हिला खीर दे. मला देत नाही ती, शुगर शुगर करते." मग स्टुडिओतल्या एकेकाची चौकशी झाली. पत्रा अजून तापतो का, टपरीवाला तोच आहे का. मी सांगत होते आणि तो प्रश्न येण्याची वाट बघत होते.

"पोचला का गं?"

खरं तर वाटेत मी ठरवून आले होते की खरं सांगायचं. फुग्याचं सांगायचं, त्याला हसू येईल, विषय संपेल. पण तो आवाजाच्या दिशेला चेहरा करून बसला होता, थोडासा माझ्या डावीकडे, आणि तिथे मी नव्हतेच.

"हो," मी म्हटलं. "पोचला. याच महिन्यात."

स्वयंपाकघराच्या दारात वहिनी वाटी घेऊन उभ्या होत्या. शेजारी जाऊन तिथल्या मुलीबरोबर त्या मालिका रोज बघतात, त्यांनीच मला मागे फोनवर सांगितलं होतं. तो माणूस या क्षणीही फुग्याला लटकलेला आहे हे त्यांना माहीत होतं.

मिलिंददाने खिशातलं पेन चाचपलं. मग त्याने विचारलं, "दार निळंच ठेवलं?"

"निळंच. खिळा पण आहे."

"कोणी उघडलं?"

"आईने."

"काय म्हणाली?"

मला दुसरं काही सुचलं नाही. सुचायला हवं होतं, सुचण्याचाच पगार मिळतो मला. मी म्हटलं, "हात-पाय धू, जेवायला बस."

त्याने मान हलवली. अगदी हळू. वहिनींनी पुढे येऊन वाटी माझ्यासमोर ठेवली आणि डोळ्याला पदर लावत आत गेल्या. मिलिंददाचा हात टेबलावरून चाचपडत आला, वाटीला लागला, तिला वळसा घालून माझ्या मनगटापर्यंत पोचला आणि त्याने ते दोनदा थोपटलं.

"सॉरी हां, बाळा," तो म्हणाला.

इतक्या वर्षांत त्याने मला कधी बाळा म्हटलं नव्हतं. ती हाक फक्त पडणाऱ्यांसाठी होती.